टेकडीवरची जांभळी तूर

जयंतीकाकूंनी मला बेसमेंट भाड्यानं देण्याआधी नोकरीचं पत्र मागितलं नाही की पगार विचारला नाही. दारातच उभं राहून एवढंच विचारलं, "धान्य निवडता येतं का गं तुला?" येतं म्हटलं. आईनं बारावीच्या सुट्टीत दुसरं काही शिकवलंच नव्हतं. "मग ये," त्या म्हणाल्या, आणि मी तिथं साडेतीन वर्षं राहिले.

ही गोष्ट कॅनडातल्या, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉटर्लूची. २००४ च्या थंडीत मी साताऱ्याहून पुण्याला आणि पुण्याहून थेट तिथं पोचले होते. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार. स्वभावही त्याला साजेसाच. बस दोन मिनिटं उशिरा आली तरी माझं डोकं फिरायचं. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला बर्फाचं कौतुक असतं. मला पहिल्या आठवड्यातच त्याचा वीट आला. अशा चिडक्या पोरीला घरात ठेवून घ्यायला काकूंसारखंच कुणीतरी लागतं. बेसमेंटमधली शेगडी लावली की ब्रेकर ट्रिप व्हायचा, म्हणून मी वरच्या स्वयंपाकघरात रांधायला लागले. मग जेवायलाही तिथंच. मी भाडेकरू होते हे महिन्याच्या एक तारखेलाच काय ते आठवायचं.

काकूंचं आडनाव खानझोडे. अंगानं काटक, बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. साडी दिवाळीला, एरवी पँट आणि त्यावर खिसेच खिसे असलेलं एक जुनं खाकी जाकीट. त्या खिशांत कागदाची छोटी पाकिटं असायची. पार्किंगमध्ये, पार्कमध्ये, डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर, कुठंही वाळलेली शेंग दिसली की काकू थांबायच्या, शेंग खुडायच्या, पाकिटात घालायच्या आणि पाकिटावर तारीख, जागा आणि उताराची दिशा लिहायच्या. मला ग्रोसरीहून घरी जायची घाई असायची आणि या बाई रस्त्याच्या कडेला वाकलेल्या. मी पिशव्या सावरत उभी राहायची आणि मनातल्या मनात चरफडायची. आज तसं कुणी वाटेत थांबवलं तर मी तासभर उभी राहीन.

त्या मूळच्या वर्ध्याच्या. अकोल्याला कृषी महाविद्यालयात शिकल्या, वर्गात चौसष्ट मुलगे आणि या एकट्या. १९७१ साली लग्न होऊन कॅनडात आल्या. नवरा, दिलीपकाका, पार पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सजवळच्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर. सासरच्यांनी सांगितलेलं की तिकडे नुसतं बर्फ असतं, म्हणून काकूंनी ऑगस्ट महिन्यात दोन स्वेटर एकावर एक घालून प्रवास केला.

"आणि विमानातून उतरले तर काय," त्या सांगायच्या, "यवतमाळ! एकोणचाळीस डिग्री. भुऱ्या टेकड्या, निवडुंग, साप. मी यांना म्हटलं, अहो, तुम्ही मला फसवून माहेरीच आणलं."

कॅमलूप्सच्या आसपासचा तो मुलूख कोरडा ठणठणीत. सेजब्रश नावाचं करड्या पानांचं झुडूप सगळीकडे माजलेलं. पान चोळलं की ओवा आणि कापूर एकत्र कुटल्यासारखा वास येतो म्हणे. दुसऱ्या मराठी बायका अशा जागी रडल्या असत्या. काकू म्हणायच्या, मला तिथं एक दिवस परकं वाटलं नाही. गुरं कोणता चारा खातात आणि कोणत्या झाडानं मरतात याचा अभ्यास करणारं एक सरकारी केंद्र तिथं होतं. काकू तिथं काचेची भांडी धुणारी म्हणून लागल्या आणि तीस वर्षांनी बियांच्या लॅबची सगळी जबाबदारी सांभाळून निवृत्त झाल्या. शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदावर मांडायच्या, किती रुजल्या ते लिहायचं, आणि पुन्हा शंभर मोजायच्या. ऐकूनच मला जांभई यायची. त्या मात्र असं सांगायच्या की जणू रोज लॉटरी फुटायची.

त्यांच्या तिथल्या घरामागं एक टेकडी होती. जून महिन्यात तिचा उत्तरेकडचा उतार जांभळा व्हायचा. लुपिन नावाचं रानफूल ते, आपल्या तुरी-मुगाच्याच कुळातलं. हाताच्या पंजासारखं पान, त्यावर चंदेरी लव, मधोमध पावसाचा थेंब पडला तर तसाच गोल बसून राहतो. वर जांभळ्या फुलांचा तुरा, आणि मागाहून तुरीसारख्या केसाळ शेंगा. म्हणून काकूंनी घरात त्याचं नाव जांभळी तूर ठेवलं होतं. दिलीपकाका खाणीतून आले, जेवले, की दोघं ती टेकडी चढायची. वर एक मोठा धोंडा होता, त्याला टेकून काका पेंगायचे आणि काकू झुडपांतून हिंडायच्या. अठ्ठावीस वर्षं हाच त्यांचा संध्याकाळचा फिरायचा रस्ता.

मी हे सगळं काकूंच्या तोंडून ऐकलं, कारण मी आले तेव्हा काकांकडून ऐकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. निवृत्तीनंतर वर्षभरातच एकदा ते दूध आणायला गाडी घेऊन गेले आणि पाच तासांनी पोलिसांनी त्यांना आणून सोडलं. मुलगा नंदन वॉटर्लूच्या विद्यापीठात शिकवायचा. त्यानं घर विकायला लावलं आणि दोघांना जवळ आणलं. त्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण काकांच्या डोक्यातलं घर काही विकलं गेलं नव्हतं.

रोज दुपारी चार वाजले की काका उठायचे, बूट घालायचे, टोपी चढवायचे आणि दारापाशी जाऊन उभे राहायचे. "चल जयंती, घरी जाऊ."

काकू वाद घालायच्या नाहीत. त्याही बूट घालायच्या, त्यांना गाडीत बसवायच्या, दोन-चार गल्ल्या फिरवून परत आणायच्या आणि म्हणायच्या, "आलो बघा घरी." पहिलं वर्ष हे चाललं. मग एक दिवस काका गाडीतून उतरले, घराकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणाचं?" त्या दिवशी मी दार उघडायला गेले होते. काकूंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि पाहायला नको होता असं वाटलं.

२००६ च्या मार्चमध्ये आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो असताना त्या म्हणाल्या, "अनुया, घर काही उचलून आणता येत नाही. पण तिथलं एक झुडूप तरी इथं असावं. यांना कळेल असं. एकदा ते बघतील आणि मी शेजारी असेन, एवढंच पाहिजे मला."

"मग लावा की."

"लावते. पण फुलायला दोन-तीन वर्षं घेतं ते. आणि यांच्याकडे तेवढीच आहेत, फार तर."

फ्रीझरच्या तळाशी एक पाकीट होतं. १९८८ सालचं, त्याच टेकडीवरचं. तिथं आता घरं झाली होती, सबंध उतार सपाट करून. म्हणजे त्या झुडपांचं जगात जे काही उरलं होतं ते या पाकिटात होतं, तीनशेच्या आसपास बिया, मटकीएवढ्याच, पण ठिपकेदार. या बीचं कवच दगडासारखं असतं, नुसतं भिजवून भागत नाही. काकूंनी तीन संध्याकाळी बसून एकेक बी चिमट्यात धरली आणि नेलकटरच्या कानशीनं तिचं कवच एका जागी घासलं. शेजारी काका. काकूंनी दिलेली बी बशीत ठेवायची, हे काम त्यांना फार आवडलं. मी येता-जाता पाहायची आणि वर न थांबता खाली जायची, कारण ऑफिसात नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढचं काम मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. लॅबमध्ये तीस वर्षं ओला कागद आणि काचेच्या बशा वापरणाऱ्या या बाईनं घरी मात्र आईची पद्धत वापरली होती: जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात बिया बांधल्या, भिजवल्या आणि ती पुरचुंडी फ्रिजच्या खालच्या खणात ठेवली. थंडी सोसल्याशिवाय ही बी डोळा उघडत नाही. तीन आठवडे थंडी, मग माती. बी मातीत असतं एवढंच माझं ज्ञान. ते कोथिंबिरीशेजारी मुक्कामाला असेल हे मला कोण सांगणार?

एप्रिलमधल्या एका शनिवारी काकू, काका आणि नंदन हॅमिल्टनला गेले. तिथल्या हॉस्पिटलात काकांची दिवसभराची तपासणी होती. निघताना काकू म्हणाल्या, "फ्रिजमधलं काय हवं ते काढून खा, उपाशी राहू नको."

दुपारी मला वाटलं, ही तिघं दमून येतील, आपण काहीतरी गरम करून ठेवू. माझ्या हातून चांगली कामं क्वचित होतात, म्हणून ती लक्षात राहतात. फ्रिज उघडला. खालच्या खणात दोन पुरचुंड्या, एक मोठी, एक मूठभर. दोन्हींत मोड आलेले. काकूंकडे दर आठवड्याला मटकीला मोड यायचेच. मला वाटलं, मोठी कालची आणि छोटी गेल्या वेळची उरलेली. छोटीतले दाणे जरा ठिपक्याठिपक्यांचे दिसले तेव्हा मी दुकानदाराला शिव्या घातल्या, इथं धड मटकीसुद्धा मिळत नाही म्हणून. आणि दोन्ही सोडल्या पातेल्यात.

मोहरी, हिंग, कढीपत्ता, गोडा मसाला. आठ मिनिटं शिजवली. चव पाहिली तर कडवट. मसाला करपला असेल म्हणून गूळ घातला. तरी कडवट. आणखी गूळ घातला. वर खोबरं पेरलं, झाकण ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

सहाला ते आले. काकूंनी कोट काढता काढता नाक वर केलं. "उसळ केलीस होय? गुणाची पोर." नंदननं काकांना टेबलाशी बसवलं आणि दोघांच्या ताटल्यांत उसळ वाढली. काकूंनी ताक काढायला फ्रिज उघडला. आणि तो उघडाच राहिला. आतला दिवा त्यांच्या चष्म्यावर पडला होता आणि त्या खालच्या खणाकडे पाहत होत्या.

"अनुया, छोटी पुरचुंडी कुठं गेली?"

"ती पण घातली ना. एवढीशी ठेवून काय करायचं?"

काकू वळल्या आणि त्यांनी आधी त्या दोघांपुढच्या ताटल्या उचलल्या. काकांच्या हातातला चमचासुद्धा काढून घेतला. मग माझ्यासमोर आल्या. "तू खाल्लीस?"

"चव पाहिली. दोनदा."

"किती वाजता? उलटी झाली का? चक्कर?" माझं मनगट धरून त्या नाडी मोजायला लागल्या. जांभळी तूर विषारी असते, गुरं दगावतात तिनं. दोन चमच्यांनी माणसाला काही होत नाही, आणि त्यातही बहुतेक मटकीच होती, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी पूर्ण मिनिटभर मोजलं. अठरा वर्षं जपलेली वस्तू मी फोडणीला टाकली होती आणि या बाई माझी नाडी बघत होत्या. मला तेव्हाच रडू फुटलं. त्या पुरचुंडीत काय होतं ते नंतर त्यांनी सांगितल्यावर तर मी धाय मोकलून रडले.

नंदन म्हणाला, "इट्स जस्ट सीड्स, मॉम. आय विल ऑर्डर यू सम ऑनलाइन."

त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. खरं तर मीही पुढच्या क्षणी हेच बोलणार होते.

"त्या टेकडीवरच्या मिळतील का ऑनलाइन?" काकूंनी विचारलं. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "यांना काय, कुठलीही जांभळी फुलं चालतील कदाचित. पण मला ठाऊक असेल ना, ही ती नाहीत म्हणून."

मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "चिठ्ठी लावायची राहिली माझी. तीस वर्षांत एक बी मी चिठ्ठीशिवाय ठेवली नाही. आणि दुसरा नियम तर मीच सगळ्यांना शिकवला, अर्धं बी मागं ठेवायचं, कितीही घाई असो. या वेळी सगळंच काढलं. म्हटलं, यांच्यासाठी मागं कशाला ठेवायचं? कुणासाठी?" हे त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दहीभात खाऊन झाला. नंदन घरी गेला. मी पातेलं उचलून कचऱ्यात रिकामं करायला निघाले तर काकू म्हणाल्या, "थांब. मोठी चाळणी आण."

त्यांनी ती सगळी उसळ चाळणीत ओतली आणि नळाखाली धरली. हळद गेली, गूळ गेला, खोबऱ्याचे कण गेले. मग टेबलावर पांढरा टॉवेल पसरून त्यावर ती थापली, चष्मा चढवला आणि एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायला लागल्या.

"काय करताय?"

"गणंग शोधून राहिले. बस इथं. तुला निवडता येतं ना?"

गणंग म्हणजे तो हट्टी दाणा, जो रात्रभर भिजत घातला तरी फुगत नाही आणि तासभर शिजवला तरी मऊ होत नाही. उसळीत एखादा राहिला तर दाताचा तुकडा पडायचा. आपल्याकडे तो निवडून फेकायचा असतो. काकू म्हणाल्या, ज्या बीला कानस नीट लागली नसेल तिच्यात पाणी शिरलं नसेल, मोडही आला नसेल, म्हणजे ती शिजलीही नसेल. "लॅबमध्ये आम्ही कवच ढिलं करायला कधीकधी उकळतं पाणी ओतायचो. पण आठ मिनिटं नाही. आणि गोडा मसाला घालून तर नाहीच."

असं म्हणून त्या हसल्या. मला हसू येईना. पण मी बसले. काकाही येऊन बसले आणि आमच्याकडे बघून एकेक दाणा उचलायला लागले. दाबला की मऊ लागायचा, बाजूला टाकायचा. मऊ, मऊ, मऊ. एखादा टणक लागला की मी तो काकूंपुढे धरायची, आणि काकू तो दिव्याखाली धरून म्हणायच्या, "ही मटकी." दीड तास गेला. माझी बोटं वळून गेली होती. आयुष्यात इतकं मन लावून मी कुठलंच काम केलेलं नव्हतं, ऑफिसात तर नाहीच.

टॉवेल रिकामा झाला तेव्हा बशीत अकरा बिया होत्या. ठिपकेदार, टणक. काकूंनी त्या पुन्हा मोजल्या.

"माझी नजर अधू झाली म्हणून वाचल्या बघ," त्या म्हणाल्या. "पूर्वीसारखी असती तर एकही सुटली नसती."

या वेळी चिठ्ठी लावली. जागा, साल, उतार, उंची सगळं लिहिलं आणि प्रक्रियेच्या रकान्यात लिहिलं: उकळलं, आठ मिनिटं, गोडा मसाला, गूळ. लॅबच्या सवयीप्रमाणे जे झालं ते लिहायचं, लपवायचं नाही.

पुन्हा कानस, पुन्हा फ्रिजची थंडी, आणि अकरांतल्या पाच रुजल्या. एक सशानं खाल्ली. ऑन्टॅरिओचा उन्हाळा घामट, आणि या झाडाला कोरडं हवं. म्हणून काकूंनी टबमध्ये वाळू आणि खडी भरून तो मागच्या पडवीच्या कडेला ठेवला होता. जुलैत दुपारी पाऊस आला की त्या छत्री घेऊन बाहेर जायच्या आणि ती टबवर धरून उभ्या राहायच्या. स्वतः भिजायच्या. शेजारची बाई एकदा मला म्हणाली, तुझ्या आंटी ठीक आहेत ना? मी तिला चांगलंच फाडून खाल्लं, इंग्रजीत. मग पुढच्या पावसात मीही छत्री धरायला लागले. तरी दोन रोपं कुजली. उरली दोन. हिवाळ्यात मी ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसायला कुरकुरायची, पण टबभोवतीचं बर्फ काकूंच्या सांगण्याप्रमाणे थापून थापून नीट बसवायची.

२००७ च्या जूनमध्ये फूल आलं नाही. पानांचा नुसता झुपका. त्याच उन्हाळ्यात काकांनी घरी जायचं म्हणणं सोडलं. बूट काढून ठेवले ते तिथंच राहिले. मला वाटलं, सुटल्या काकू. मी तसं बोललेही, मूर्खासारखी.

"आधी चार वाजले की मला धडकी भरायची," त्या म्हणाल्या. "आता चार वाजतात आणि काही होत नाही. ते जास्त वाईट आहे गं." दिवाळीपर्यंत काका त्यांना जयंती म्हणायचं थांबले. बाई म्हणायला लागले. नम्रपणे, कामाला ठेवलेल्या नर्सशी बोलावं तसं: बाई, पाणी देता का? बाई, तुम्ही जेवलात का? ते कधी उद्धट झाले नाहीत. काकू पाणी द्यायच्या, जेवले म्हणायच्या, आणि मी खाली जाऊन उशीत तोंड खुपसून रडायची.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं आणि मी रिचमंड हिलला गेले. जूनमध्ये काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकच वाक्य. "तुरा आला."

रविवारी मी गाडी काढली आणि दीड तासात पोचले. एका रोपाला एक, दुसऱ्याला तीन तुरे. फोटोत दिसतो तसला भडक जांभळा नाही, मऊ, राखेची छटा असलेला. खालची फुलं उमललेली, वरची अजून मिटलेली. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. गोड्या मसाल्यातून निघालेली ही बी.

"आणते त्यांना," काकू म्हणाल्या. त्यांनी केस विंचरले होते आणि निळी साडी नेसली होती. दिवाळी नसताना. मला भीती वाटली, काका काहीच बोलणार नाहीत म्हणून. मग या बाई कुठं जातील?

त्यांनी हाताला धरून काकांना आणलं आणि टबशेजारच्या खुर्चीत बसवलं. आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. काका बघत होते, पण फुलांकडे की कुंपणाकडे ते समजत नव्हतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेजारच्या घरी कुणीतरी गवत कापत होतं, त्याचा आवाज बंद झाला. मी देवावर चिडले होते, तसा माझा त्याच्यावर विश्वास नाही.

मग काका पुढे वाकले. त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं आणि त्याच्यावरची लव उलट्या बाजूनं चोळली. पुन्हा चोळली. मान वर करून काकूंकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "हे गुरांना घालू नका हं."

काकू खुर्चीच्या पाठीवरून पुढे वाकल्या. "का हो?"

"विषारी असतं. माझी बायको सांगते." इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. "तिला सगळं माहीत असतं. शेंगा वाळल्या की तडकतात ना, बी उडून जातं. म्हणून ती काय करते माहीत आहे का? तिचे जुने मोजे शेंगांना बांधते. सगळ्या टेकडीभर. झाडांना मोजे घालते माझी बायको." ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले.

"हो का?" काकूही हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "कुठं आहे ती?"

काकांनी हात वर केला, कुंपणापलीकडे, कुठंतरी उंच. "वर गेलीय. येईल आता अंधार पडायच्या आत." मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. ते खुर्चीत जरा सरकले, शेजारची खुर्ची त्यांनी हातानं पुढे ओढली आणि त्यावरचं पान झटकलं.

"तुम्ही बसा ना, बाई. भेटूनच जा तिला. फार चांगली आहे ती."

काकूंनी पदर सावरला आणि त्या बसल्या.

"थांबते की," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायची घाई आहे?"